टक्कर चुकते तेव्हा

बेळगावहून गोव्याला जाताना चोर्ला घाटात वळणावर समोरून भरलेला ट्रक आला की दोन्ही गाड्या कडेला सरकतात आणि आरशाला आरसा न लागता निघून जातात. स्पर्श होत नाही, तरी खिडकीशी बसलेल्याला वाऱ्याचा फटका बसतो, काच थरथरते. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या यंत्रात, जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर, २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात असंच होतं. ज्या वर्षी शिशाची पाळी असते त्या वर्षी साधारण महिनाभर तिथे शिशाची अणुकेंद्रं समोरासमोर सोडतात. बाकीच्यांचं लक्ष टकरींकडे असतं. अ‍ॅक्सियनसारखे, अजून न सापडलेले कण शोधणाऱ्यांना मात्र हुकलेल्या टकरी हव्या असतात, कारण त्या वाऱ्याच्या फटक्यात कण सापडायची शक्यता आहे आणि तिथे गर्दीही नाही.

हा शोध नेमका कसा चालतो, त्यात काय फसवतं आणि ‘काही सापडलं नाही’ हे उत्तरसुद्धा आकड्यांत कसं मांडतात, ते इथे सांगायचं आहे. पीयूसीचं (बारावीचं) फिजिक्स झालेल्याला पुरेल इतकंच गणित आहे.

कण आला कुठून

न्यूट्रॉनवर एकूण विद्युतभार शून्य असतो, पण त्याच्या पोटात भार असलेले क्वार्क आहेत. एका अंगाला किंचित धन आणि दुसऱ्या अंगाला किंचित ऋण असं व्हायला काही हरकत नव्हती. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाच्या समीकरणात एक कोन आहे, आणि तो शून्य नसेल तर असंच व्हायला हवं. मोजायला गेलं की मात्र काहीच हाती लागत नाही. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत केलेली मोजणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिची मर्यादा अशी, की न्यूट्रॉन फुगवून पृथ्वीएवढा केला तरी धन आणि ऋण भारांच्या मध्यबिंदूंत दीडएक मायक्रॉनपेक्षा जास्त फट नाही. केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढी म्हणा. तो कोन इतका शून्याला चिकटून का बसला आहे, याचं उत्तर प्रचलित सिद्धांतात नाही.

१९७७ मध्ये रॉबर्टो पेचेई आणि हेलन क्विन यांनी सुचवलं, की तो कोन ठरलेला आकडा नसावाच; तो हलू शकत असेल तर उतारावरच्या गोटीसारखा आपोआप शून्याकडे घरंगळेल. पुढच्याच वर्षी स्टीव्हन वाइनबर्ग आणि फ्रँक विल्चेक यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की मग त्या गोटीच्या थरथरीचा म्हणून एक नवा कणही असायला हवा. विल्चेक यांनी त्याला अमेरिकेतल्या कपडे धुण्याच्या एका पावडरीचं नाव दिलं: अ‍ॅक्सियन. डाग काढतो म्हणून.

मूळ अ‍ॅक्सियनचं वस्तुमान आणि त्याचे इतर कणांशी असलेले लागेबांधे एकमेकांना बांधलेले आहेत. एक आकडा सांगितला की दुसरा ठरतो. पण त्याच घडणीचे कण इतर अनेक सिद्धांतांतूनही निघतात आणि त्यांत हे दोन आकडे सुटे असतात. त्यांना म्हणायचं अ‍ॅक्सियनसारखे कण, आद्याक्षरांनी एएलपी. शोधणाऱ्याला फक्त हे दोन आकडे हवेत. एक वस्तुमान, जे आपण जीईव्हीमध्ये मोजू. प्रोटॉनचं वस्तुमान सुमारे ०.९४ जीईव्ही, म्हणजे एक जीईव्ही साधारण एका प्रोटॉनाएवढं. दुसरा आकडा प्रकाशाशी असलेलं कपलिंग. ते जितकं मोठं तितका कण प्रकाशातून सहज जन्मतो आणि तितक्याच लवकर दोन फोटॉनांत मोडतो.

असा वागणारा एक कण आपल्याला फार दिवस माहीत आहे: उदासीन पायॉन. तोही दोन फोटॉनांत मोडतो, गणिताचा साचाही तोच. एएलपी त्याचा न सापडलेला चुलतभाऊ समजा. पुढे हाच पायॉन सगळ्यात जास्त त्रास देणार आहे.

सूर्य असताना बोगदा कशाला

सूर्याच्या पोटातही प्रकाशातून असे कण तयार व्हायला हवेत. ते पकडायला, एलएचसी चालवणाऱ्या सर्न या संस्थेतच, एलएचसीच्या चुंबकाचा नऊ मीटर लांबीचा नमुना सूर्याकडे रोखून ठेवला होता. कास्ट नावाचा हा प्रयोग २००३ ते २०२१ चालला. हलक्या कणांबाबत त्याने घातलेली मर्यादा इतकी कडक आहे, की पुढे ज्या कोलायडर-मर्यादा (म्हणजे टकरी घडवणाऱ्या यंत्रांनी घातलेल्या) येतील त्या तिच्यापुढे दहा लाख पटींहून ढिल्या ठरतात. मग कोलायडरचा खटाटोप कशाला?

कारण तापमान. सूर्याचं केंद्र सुमारे दीड कोटी अंशांवर आहे. ऊर्जेच्या भाषेत हे एका फोटॉनामागे हजार-दीड हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट होतं. त्या भट्टीत एक जीईव्हीचा, म्हणजे शंभर कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण ओतता येणार नाही, कपलिंग कितीही मोठं असो. मर्यादा कडक आहे, पण फक्त हलक्यांसाठी. जड एएलपी असेल तर तेवढी ऊर्जा एका ठिकाणी ओतणारं यंत्रच लागतं.

शिशाचा झोत

विद्युतभार असलेली वस्तू जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावू लागली की तिच्याभोवतीचं विद्युतक्षेत्र चपटं होऊन भाकरीसारखं थापलं जातं, आणि बाजूने पाहणाऱ्याला ते फोटॉनांच्या झोतासारखं वाटतं. ही कल्पना एन्रिको फर्मी यांनी १९२४ मध्ये मांडली. पुढच्या दशकात वाइत्सेकर आणि विल्यम्स यांनी ती वेगवान कणांसाठी पक्की केली. फोटॉनांची संख्या भाराच्या वर्गाने वाढते. दोन अणुकेंद्रांनी एकेक फोटॉन द्यायचा, म्हणून एकूण वाढ भाराच्या चौथ्या घाताने. शिशाचा भार ८२. ८२ चा चौथा घात ४ कोटी ५२ लाख. दोन प्रोटॉन शेजारून गेल्यावर जे घडेल, त्याच्या साडेचार कोटी पट.

मात्र शिशाच्या फेऱ्या कमी असतात. एखाद्या मोसमात एकूण किती ‘संधी’ मिळाली, याचं माप इन्व्हर्स बार्न नावाच्या एककात देतात. अ‍ॅटलस डिटेक्टरला (एलएचसीवरच्या कण नोंदवणाऱ्या एका यंत्राला) २०१५ आणि २०१८ मिळून शिशाच्या २.२ इन्व्हर्स नॅनोबार्न संधी मिळाल्या. त्याला साडेचार कोटींनी गुणा: सुमारे १०० इन्व्हर्स फेम्टोबार्न (एक इन्व्हर्स फेम्टोबार्न म्हणजे दहा लाख इन्व्हर्स नॅनोबार्न). २०१५ ते २०१८ या चार वर्षांत त्याच डिटेक्टरने प्रोटॉन-प्रोटॉनच्या वापरण्याजोग्या अशा सुमारे १४० संधी गोळा केल्या होत्या. म्हणजे शिशाच्या दोन मोसमांची पुंजी चार वर्षांच्या पुंजीच्या तोलामोलाची ठरते. आणि खरा फायदा तर वेगळाच आहे. प्रोटॉनांच्या गठ्ठ्यांची दर २५ नॅनोसेकंदांनी गाठ पडते आणि प्रत्येक गाठीत आता पन्नास-साठ टकरी एकावर एक पडतात. शिशात ती गर्दीच नसते.

गर्दीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. सेकंदाला चार कोटी गाठी पडतात; त्यातून साठवता येतात काही हजार. गोकाकच्या धबधब्याखाली तांब्या धरण्यातला प्रकार. कोणती गाठ ठेवायची हे ट्रिगर ठरवतो, तेही त्याच क्षणी. प्रोटॉनांच्या गर्दीत दोन फोटॉनांचा ट्रिगर साधारण ३५ आणि २५ जीईव्हीवर लावावा लागतो, नाहीतर तो फालतू घटनांनीच भरून जातो. मग दहा जीईव्हीचा एएलपी समोरून गेला तरी कुणी नोंद करत नाही. शिशाच्या शांततेत हीच पट्टी अडीच जीईव्हीपर्यंत खाली आणता येते.

वरची हद्दही शिसंच ठरवतं. अणुकेंद्राची त्रिज्या सुमारे ७ फेम्टोमीटर. त्याहून आखूड लांबीचे फोटॉन अख्खं अणुकेंद्र मिळून देऊ शकत नाही. वेगामुळे येणारा २,७०० चा गुणक धरला तर एका फोटॉनाची ऊर्जा ७५-८० जीईव्हीच्या वर क्वचितच जाते. म्हणून ही खिडकी सुमारे ५ ते १०० जीईव्हीची.

चाळणी आणि तोतये

हुकलेल्या टकरीत दोन फोटॉन भेटले, एएलपी झाला आणि लगेच दोन फोटॉनांत मोडला, तर डिटेक्टरमध्ये काय दिसेल? फक्त दोन फोटॉन. अख्ख्या सात हजार टनांच्या यंत्रात दुसरं काहीही नाही. दोन्ही अणुकेंद्रं शाबूत, नळीतून पुढे गेलेली. म्हणून अ‍ॅटलसची चाळणी अशी: नेमके दोन फोटॉन, आडव्या दिशेने प्रत्येकी किमान अडीच जीईव्ही, भार असलेल्या कणाची एकही वाट नको, जोडीचं वस्तुमान ५ जीईव्हीच्या वर, जोडीचा मिळून आडवा संवेग एक-दोन जीईव्हीच्या आत, आणि दोघांच्या दिशा बीमच्या आडव्या प्रतलात १८० अंशांपासून १.८ अंशाहून जास्त ढळलेल्या नकोत.

शेवटच्या दोन अटी या शोधाचा कणा आहेत. अणुकेंद्र सात फेम्टोमीटरचं असल्याने त्याने दिलेल्या फोटॉनाला आडवा धक्का मिळतो तो फार तर ०.०३ जीईव्हीचा. दोन्ही फोटॉन जवळजवळ सरळ समोरासमोर आले, तर निघणारे दोघेही पाठीला पाठ लावूनच निघणार. ही शिस्त दुसऱ्या कुठल्या घटनेला सहसा जमत नाही.

सहसा. तोतया पहिला: इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी. शिशाच्या हुकलेल्या टकरीत ती हजारो पटींनी जास्त तयार होते आणि अगदी तितकीच पाठीला पाठ लावून निघते. इलेक्ट्रॉनाची वाट ट्रॅकरमध्ये, म्हणजे वाटा नोंदवणाऱ्या भागात, उमटली तर तो पकडला जातो, पण वाटेतल्या धातूत किंवा सिलिकॉनमध्ये त्याने आपली बहुतेक ऊर्जा फोटॉनाला देऊन टाकली, किंवा वाट नोंदवलीच गेली नाही, तर कॅलरीमीटरला, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या भागाला, तो हुबेहूब फोटॉन वाटतो. म्हणून अर्धवट वाट दिसली तरी घटना बाद करतात; ट्रॅकरच्या सगळ्यात आतल्या थरातले तुटक ठिपकेसुद्धा तपासतात. तोतया दुसरा: फोटॉनांऐवजी ग्लुऑनांनी (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांनी) केलेली जोडी. ती थोडी ढळते, १.८ अंशांची शिस्त पाळत नाही, आणि बऱ्याचदा अणुकेंद्र फुटून न्यूट्रॉन उडतात. ते बीमच्या रेषेतच सरळ जातात. टकरीच्या जागेपासून १४० मीटरवर त्यांच्यासाठी वेगळं उपकरण लावलेलं आहे.

आणि तिसरा तोतया नव्हेच, खरा प्रकार आहे: प्रकाशाने प्रकाशावर आपटणं. फोटॉन-फोटॉन एकमेकांना ओळखत नाहीत असं आपण शाळेत शिकतो, पण क्षणभर उमटणाऱ्या भारित कणांच्या मध्यस्थीने ते एकमेकांना ढकलतात. डेव्हिड डेंटेरिया आणि गुस्ताव्हो सिल्वेरा यांनी २०१३ मध्ये हे शिशात दिसेल असं मांडलं. २०१७ मध्ये अ‍ॅटलसने १३ घटनांवर पहिला पुरावा दिला, २०१९ मध्ये ५९ घटनांवर तो ८.२ सिग्मापर्यंत (सिग्मा हे खात्रीचं माप, पुढे येईल) पक्का केला. २.२ इन्व्हर्स नॅनोबार्नच्या एकत्रित मोजणीत ९७ घटना मिळाल्या, त्यातल्या सुमारे २७ तोतयांच्या.

हे आकडे स्वतः पडताळून बघण्यासारखे आहेत. या प्रक्रियेचा मोजलेला आडछेद, म्हणजे ती घडण्याच्या शक्यतेचं माप, १२० नॅनोबार्न. १२० गुणिले २.२ म्हणजे २६४ घटना व्हायला हव्यात. दिसल्या ९७ वजा २७, म्हणजे ७०. बाकीच्या १९४ कुठे गेल्या? त्या झाल्या, पण अडीच-तीन जीईव्हीचे फोटॉन ट्रिगरच्या आणि ओळख-परीक्षेच्या कडेवर असतात, तिथे बहुतेक गळतात. ७० ला २६४ ने भागलं की सुमारे २७ टक्के येतात. ही या शोधाची कार्यक्षमता. ती चुकीची धरली तर पुढची प्रत्येक मर्यादा त्याच प्रमाणात चुकते. अशा विश्लेषणात निम्म्याहून जास्त कष्ट या एका आकड्यावर जातात म्हटलं तरी चालेल.

या सत्तर घटना एएलपीसाठी बॅकग्राउंड. फरक ओळखायची खूण एकच: प्रकाशाची आपटी सगळ्या वस्तुमानांवर पसरलेली असते आणि वर जाताना विरळ होते, एएलपी असेल तर एकाच वस्तुमानाशी ढीग लागेल.

ढीग मोजायचा तर वजनकाटा

जोडीचं वस्तुमान काढायचं सूत्र शब्दांत: दोन्ही ऊर्जांचा गुणाकार, त्याची दुप्पट, त्याला एक वजा मधल्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं, मग वर्गमूळ. समजा एक फोटॉन ३० जीईव्हीचा, दुसरा २० चा, मधला कोन ६० अंश. २ गुणिले ६०० गुणिले अर्धा, म्हणजे ६००, वर्गमूळ साडेचोवीस. हा झाला उमेदवार: साडेचोवीस जीईव्ही. प्रत्येक ऊर्जेत २ टक्के चूक असेल तर वस्तुमानात सुमारे १.४ टक्का, म्हणजे ०.३५ जीईव्हीची चूक. ढीग तेवढा पसरणार, आणि पसरला की बॅकग्राउंडमध्ये बुडणार.

ऊर्जा मोजायचा काटा कसा असतो? एलएचसीवरच्याच सीएमएस या दुसऱ्या डिटेक्टरमध्ये ७५,८४८ स्फटिक आहेत, लेड टंगस्टेटचे. मधल्या पिंपातला एकेक स्फटिक २३ सेंटिमीटर लांब, पुढचं तोंड २.२ सेंटिमीटर चौरस. दिसायला स्वच्छ काच, पण हातात घेतला तर किलोच्या वर. घनता ८.२८, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतलेल्या बिडाची सव्वासातच्या आसपास असते, पोलादाची पावणेआठ-आठ. फोटॉन आत शिरला की कणांचा फवारा उडतो, स्फटिक मंद चमकतो, मागे लावलेला डायोड ती चमक मोजतो.

घोळ इथेच होतात. तापमान एक अंशाने वाढलं की स्फटिकाची चमक सुमारे २ टक्क्यांनी घटते. वरच्या उदाहरणातली सगळी चूक एका अंशाने भरून निघाली. म्हणून हे पिंप १८ अंशांवर, ०.०५ अंशाच्या आत राखतात. शिवाय किरणांच्या माऱ्याने स्फटिक काळवंडत जातात आणि बीम थांबला की थोडे सावरतात. लेसरचा ठरावीक झोत सोडून त्यांची पारदर्शकता सतत तपासत राहावं लागतं.

यंत्राच्या बाकीच्या अंगात आपल्या हातचंही काम आहे. एलएचसीचे १,२३२ मोठे वाकवणारे चुंबक, प्रत्येक १५ मीटर लांब आणि पस्तीसेक टनांचे. ते ज्यांवर टेकले आहेत आणि मायक्रॉनांच्या हिशेबात सरकवले जातात, ते सुमारे सात हजार जॅक भारतातून गेले. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

उंचवटा दिसला म्हणजे कण नव्हे

बेळगावच्या टिळकवाडीतल्या रेल्वे गेटपाशी उभं राहून दर मिनिटाला किती दुचाकी जातात ते लिहा. सरासरी १०० असेल तर एखाद्या मिनिटात ९०, एखाद्यात ११० येणारच. चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. हा एक सिग्मा. तासभर मोजलं तर साठातल्या एखाद्या मिनिटात १२० च्या वर आकडा गेलेला सापडेल, काहीही कारण नसताना. ‘बरोबर पाच वाजून सतरा मिनिटांनी काहीतरी घडलं’ असं म्हणायचा मोह तिथे होतो. कुठे बघणार हे आधी सांगितलं नव्हतं, साठही ठिकाणी बघितलं, तर दंड भरावा लागतो. म्हणून एका ठिकाणचा सिग्मा आणि सगळीकडचा हिशेब धरून येणारा सिग्मा असे दोन आकडे देतात. शोध जाहीर करायची वहिवाट ५ सिग्माला.

त्याहून वाईट फसगत: गाडी गेली, गेट उघडलं आणि अडलेला लोंढा एकदम सुटला. आता १८० दुचाकी. हा चढउतार नव्हे, खरा उंचवटा आहे, फक्त कारण जुनंच. डिटेक्टरमध्ये गेटचं काम ट्रिगरची पट्टी करते. पट्टीच्या जरा खालच्या घटना अडतात, जरा वरच्या सुटतात, आणि वस्तुमानाच्या आलेखात तिथे आपोआप एक उभार तयार होतो. बॅकग्राउंडची वक्ररेषा आंधळेपणाने गुळगुळीत धरली की याच उभाराला कण म्हणून बसायची वेळ येते.

डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलस आणि सीएमएस दोघांनाही दोन फोटॉनांच्या आलेखात ७५० जीईव्हीपाशी जादा घटना दिसल्या. अ‍ॅटलसच्या आलेखात त्या जागी साडेतीन सिग्माच्या वर. सगळीकडचा हिशेब धरला की दोनच्या आसपास. काही महिन्यांत त्यावर शेकड्यांनी सैद्धांतिक निबंध निघाले, त्यांत एएलपीचेही होते. ऑगस्ट २०१६ मध्ये नवी मोजणी आली आणि उंचवटा विरला. कुणाची चूक नव्हती. पाच सतरा वाजले होते, इतकंच.

खिडकीबाहेर

शिशाने ५ ते १०० जीईव्ही झाकलं. अ‍ॅटलस आणि सीएमएस दोघांच्याही मोजणीत तिथे उंचवटा नाही. कपलिंगची मर्यादा, ‘एक भागिले जीईव्ही’ या एककात, साधारण दहा हजारांशापाशी पोहोचली आहे. वरच्या बाजूला प्रोटॉनांच्या हुकलेल्या टकरी वापरतात: टकरीपासून दोनशेएक मीटर पुढे, बीमपासून काही मिलिमीटरवर सेन्सर सरकवून शाबूत प्रोटॉनाने किती ऊर्जा गमावली ते मोजतात आणि ती फोटॉनांच्या जोडीशी जुळते का बघतात. शेकडो जीईव्हीपासून दोन टीईव्हीपर्यंतचा (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) पट्टा असा तपासून झाला आहे.

खालची बाजू जास्त रंगतदार आहे, कारण तिथे दोन अडचणी एकदम येतात.

एक, फोटॉन चिकटतात. हिग्ज कण १२५ जीईव्हीचा. तो दोन एएलपींत मोडला तर प्रत्येकाला ६२.५ जीईव्ही मिळतात. एएलपीचं वस्तुमान १ जीईव्ही असेल तर त्याच्या दोन फोटॉनांतला कोन किमान दोन भागिले ६२.५, म्हणजे ०.०३२ रेडियन. स्फटिक १.२९ मीटरवर, दोन फोटॉन चार सेंटिमीटरवर पडले, जेमतेम दोन स्फटिकांचं अंतर. वस्तुमान ०.१ केलं की चार मिलिमीटर. एकाच स्फटिकात दोघे, काटा म्हणणार एकच फोटॉन आला. सीएमएसने अशा जुळ्यांसाठी शेजारच्या स्फटिकांतल्या ऊर्जेचा पसारा न्यूरल नेटवर्कला शिकवून वस्तुमान काढलं, ०.१ ते १.२ जीईव्हीपर्यंत. शिकवणी बरोबर झाली का हे तपासायला निसर्गाने वजन दिलेलंच आहे: ०.१३५ जीईव्हीचा पायॉन. पण तोच पायॉन प्रोटॉनांच्या टकरीत ढिगांनी असतो आणि फोटॉन असल्याचं सोंग आणतो.

या पट्ट्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची यंत्रं बरी. जपानमधल्या त्सुकुबा इथे ७ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि ४ जीईव्हीचे पॉझिट्रॉन भेटतात, एकूण १०.५८ जीईव्ही. एक फोटॉन आणि एक एएलपी झाला तर शेवटी तीन फोटॉन, आणि तिघांची बेरीज ठरलेली. सुट्या फोटॉनाची ऊर्जाही वस्तुमानावरून सांगता येते: एएलपी ५ जीईव्हीचा असेल तर ती टकरीच्या चौकटीत ४.१ जीईव्हीच हवी. बेल टू प्रयोगाने २०१८ च्या चाचणी-मोसमाची माहिती वापरून ०.२ ते ९.७ जीईव्हीचा पट्टा तपासला आणि २०२० मध्ये मर्यादा दिली, हजारांशाच्या घरातली.

दुसरी अडचण: कण वेळेवर मोडत नाही. मोडायचा वेग कपलिंगच्या वर्गाने आणि वस्तुमानाच्या घनाने ठरतो. १ जीईव्हीचा, ५० जीईव्ही ऊर्जेने धावणारा एएलपी घ्या. कपलिंग हजारांश असेल तर तो दोन मायक्रॉन जाऊन मोडतो. लाखांश असेल तर दोन सेंटिमीटर, दशलक्षांश असेल तर दोन मीटर. आता कपलिंग लाखांशच ठेवून वस्तुमान दहाव्या भागावर आणा: दोन सेंटिमीटरचे दोनशे मीटर झाले. दहा हजार पट, कारण हलका कण उशिरा मोडतो आणि त्याच ऊर्जेला जास्त वेगानेही धावतो. हा डिटेक्टरच्या भिंतीबाहेर गेला. आत फक्त ‘काहीतरी कमी पडतंय’ एवढी खूण राहिली.

म्हणून अ‍ॅटलसपासून ४८० मीटरवर, मध्ये सुमारे १०० मीटर खडक आणि काँक्रीट सोडून, जुन्या जोडबोगद्यात फेझर नावाचं छोटं उपकरण ठेवलं आहे. लांबी सात मीटर, तोंड वीस सेंटिमीटर व्यासाचं. खडकातून न्यूट्रिनो आणि म्यूऑन (इलेक्ट्रॉनाचा जड भाऊबंद) हेच कण येऊ शकतात. म्यूऑन पुढच्या पाट्यांत ओळखला जातो. मग रिकाम्या नळीनंतर अचानक प्रकाशाची भरपूर ऊर्जा उमटली तर ती संशयास्पद. फोटॉनाऐवजी डब्ल्यू बोसॉन या जड कणाशी बांधलेल्या एएलपीसाठी इथे केलेल्या शोधात एक घटना दिसली. बॅकग्राउंडची अपेक्षा अर्ध्याहून कमी घटनेची होती. एकावरून काही म्हणता येत नाही.

रंगवलेला आलेख कसा वाचावा

सगळे निकाल शेवटी एका चित्रात येतात: आडवं वस्तुमान, उभं कपलिंग, दोन्ही दहाच्या पटीत, आणि रंगवलेला भाग म्हणजे ‘इथे नाही’. वाचताना तीन गोष्टी बघाव्या. पहिली, तळटीप: बहुतेक चित्रं एएलपी फक्त फोटॉनांतच मोडतो असं धरून काढलेली असतात. तो ग्लुऑन किंवा म्यूऑनांतही मोडत असेल तर रंग सरकतो, कधी पुसला जातो. दुसरी, रंगाची कड. तिचा अर्थ ९५ टक्के खात्री असा असतो. कडेच्या आत असलेली जागा दगडावरची रेघ नव्हे. तिसरी, लांब जाणाऱ्या कणांच्या शोधाचा डाग वरूनही उघडा असतो. कपलिंग फार लहान असेल तर कण फेझरच्या पलीकडे निघून जातो, आणि फार मोठं असेल तर तिथे पोहोचायच्या आधीच मोडतो. अशा दोन डागांच्या मधली पाचर कुणीच तपासलेली नसते. नवे प्रयोग सुचतात ते त्या पाचरीकडे बघून.

कॉलेजच्या लॅबमधून

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या कॉलेजात साधा लॅपटॉप आणि नेट असेल तर या कामाची चव घेता येते. अ‍ॅटलसने शिक्षणासाठी १३ टीईव्हीची १० इन्व्हर्स फेम्टोबार्न माहिती २०२० मध्ये खुली केली आहे, त्यात दोन फोटॉनांचा वेगळा संच आहे. पायथनची वही ब्राउझरमध्येच चालते.

दोन फोटॉन निवडा, ओळख-परीक्षेत उत्तीर्ण आणि आजूबाजूला इतर ऊर्जा नसलेले. पहिल्याचा आडवा संवेग ३५ जीईव्हीच्या वर, दुसऱ्याचा २५ च्या वर. डिटेक्टरच्या कोनमापात, म्हणजे ईटामध्ये, २.३७ च्या आतले घ्या, पण १.३७ ते १.५२ हा पट्टा गाळा. तिथे कॅलरीमीटरच्या दोन भागांचा सांधा आहे, केबली जातात, ऊर्जा खोटी येते. मग वरच्याच सूत्राने वस्तुमान काढून १०० ते १६० जीईव्हीचा आलेख काढा. एएलपी यात सापडणार नाही. हिग्जचे काही शे फोटॉन-जोडे मात्र हजारोंच्या उतारावर १२५ पाशी बसलेले आहेत.

ते शोधायच्या आधी आलेखाचे डबे एक, दोन, तीन आणि पाच जीईव्ही रुंदीचे करून बघा, डब्यांची सुरुवात अर्ध्या जीईव्हीने सरकवून बघा, आणि १२५ वर बोट झाकून दर वेळी किती ठिकाणी उंचवटा ‘दिसतो’ ते कागदावर लिहून ठेवा. मग बोट काढा.